तुमच्याकडे हे कुठे टाकतात?

(आमच्या मंडळीच्या महिला मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘घरातला कचरा कमी कसा करावा’ या विषयावर बोला, असे पाळकसाहेबांनी मला सांगितले, तेव्हा आमच्या घरी सगळे हसले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या मजल्यावरची सर्वांत भरलेली कचऱ्याची बादली आमचीच असे. तेव्हा मी कोणी जाणकार म्हणून उभी नाही. माझे डोळे कसे उघडले, आणि त्यानंतर घरात काय जमले व काय जमले नाही, एवढेच सांगणार आहे.

गोष्ट मागच्याच्या मागच्या जानेवारीतली. नाताळात आपण मिशनच्या वसतिगृहासाठी जुने कपडे गोळा केले होते. चौदा खोकी झाली. आम्ही पाच जणी गाडी करून रात्री पुण्याहून निघालो आणि नाशिक-धुळेमार्गे दुसऱ्या दिवशी नंदुरबार जिल्ह्यात पोचलो. सातपुड्याच्या पायथ्याशी मुलींचे वसतिगृह आहे. भिल्ल आणि पावरा घरांतल्या साठेक मुली तिथे राहून शिकतात. कोणाचा पाडा दोन डोंगर ओलांडून, तर कोणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले.

दुपारी व्हरांड्यात खोकी उघडली. मेट्रनबाईंनी सतरंजी अंथरली आणि मोठ्या मुलींना घेऊन कपडे निवडायला बसल्या. एक ढीग लगेच वापरता येईल असा. दुसरा, दुरुस्त करून वापरता येईल असा. तिसऱ्या ढिगाला त्यांनी काही नाव दिले नाही. तो वाढतच गेला. चेन तुटलेल्या पॅंटी, काखेत विरलेले ब्लाउज, एका पायाचा बूट, टिकल्या गळालेले पार्टीचे फ्रॉक. मुदत संपलेल्या औषधांची एक पिशवीसुद्धा निघाली.

मग माझे खोके उघडले. वर आमच्या यजमानांचा निळा शर्ट होता. कॉलर फाटलेली, आणि शर्टाला एकही बटण नाही. बटणे मीच कापून काढली होती. चांगली होती, उपयोगी पडतील म्हणून घरच्या बरणीत टाकली आणि शर्ट ‘दान’ केला. मेट्रनबाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता तिसऱ्या ढिगावर ठेवला. मीही काही बोलले नाही. शर्ट माझा आहे, हे सांगायचे धैर्य मला झाले नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या खड्ड्यात तो ढीग जाळला. अर्धे कपडे टेरिकॉटचे. काळा धूर निघाला आणि वास मुलींच्या खोल्यांत शिरला. मेट्रनबाई म्हणाल्या, “ताई, लोक चांगल्या मनानंच पाठवतात. पण इथं घंटागाडी येत नाही. आलेलं परत पाठवता येत नाही आणि ठेवायला जागा नाही.” शेजारी आठवीतली एक मुलगी उभी होती. तिने मला सरळ विचारले, “बाई, तुमच्याकडे हे कुठे टाकतात?”

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. आणि सदतीस वर्षे वर्गात प्रश्नांची उत्तरे दिलेल्या मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

उत्तर तसे मला माहीत होते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत नेऊन टाकला गेला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आंदोलने केली. आपण वर्तमानपत्रात ते वाचले आणि दुसऱ्या दिवशी बादली पुन्हा दाराबाहेर ठेवली. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. म्हणजे आपल्याकडेही कचरा नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी दारात जातो. फरक एवढाच की ते दार आपल्याला दिसत नाही. वसतिगृहात मला ते दिसले, आणि तिथे माझा शर्ट होता.

आणखी एक गोष्ट त्या दौऱ्यात पाहिली. दुसऱ्या दिवशी एका पाड्यावर गेलो. उरलेली भाकरी कोंबड्यांना, साली शेळीला, शेण शेतात, राख भांडी घासायला. टोपल्या बांबूच्या. जेवायला वाढले ते पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर. पण पाड्यातल्या छोट्या दुकानात शांपूच्या, वेफर्सच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकत होत्या, आणि ओहोळाच्या काठावर त्याच पुड्यांचा खच होता. ती माणसे निष्काळजी आहेत, असे कोणी समजू नये. त्यांच्या घरची पद्धत कुजणाऱ्या वस्तूंसाठी घडली आणि ती आजही चोख चालते. न कुजणारी वस्तू बाहेरून आली, आणि ती परत नेणारा मात्र कोणी आला नाही. आपण तिथे मदत म्हणून जे पाठवतो, त्यात आणखी भर पडू नये एवढे तरी आपल्या हातात आहे.

घरी आल्यावर आधी कचरा मोजायला घेतला. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा होता. सात दिवस रोज पिशवी अडकवून वजन वहीत लिहिले. घरात आम्ही दोघे, मुलगा, सून आणि तेव्हा दीड वर्षांचा नातू. आठवड्याचा कचरा नऊ किलो निघाला. त्यात पाच किलो ओला, दोन किलो सुका आणि दोन किलो नातवाचे डायपर. मला वाटत होते की प्लास्टिक हाच मोठा शत्रू. पण निम्म्याहून अधिक वजन साली, देठ आणि शिळे अन्न यांचे होते. म्हणून माझी पहिली विनंती अशी : काही बदलण्याआधी एक आठवडा मोजा. प्रत्येक घराची बादली वेगळी असते.

मग ठरवले की एका महिन्यात एकच सवय लावायची. सगळे एकदम सुरू केले की पंधरा दिवसांत सगळेच बंद पडते. दुसरे ठरवले की नवी सवय रोजच्या जुन्या कामाला बांधायची, नाहीतर ती लक्षात राहत नाही.

पहिला महिना पिशवीचा. कापडी पिशव्या आमच्या घरी ढीगभर होत्या, पण कपाटात. यजमान भाजी आणायला जायचे ते हात हलवत आणि यायचे ते चार पातळ पिशव्या घेऊन. राज्यात २०१८ पासून या पिशव्यांवर बंदी आहे, तरी त्या मिळतातच. उपदेशाने काही झाले नाही. मग पिशवी स्कूटरच्या किल्लीबरोबर त्याच खिळ्याला अडकवली. किल्ली घेताना पिशवी हातात येऊ लागली. मटणासाठी झाकणाचा स्टीलचा डबा ठेवला. दुकानदाराला आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला सांगायचे आणि मग मटण घ्यायचे. पहिल्या दिवशी तो हसला. आता डबा नेला नाही तर तोच विचारतो.

दुसरा महिना उरलेल्या अन्नाचा. फ्रिजमधला एक कप्पा ‘आधी हे’ म्हणून ठरवला. उरलेली वाटीभर आमटी, अर्धा कांदा, कालची पोळी, सगळे तिथेच. स्वयंपाकाला लागण्याआधी तो कप्पा उघडायचा आणि मग काय करायचे ते ठरवायचे. शनिवारी रात्री नवी भाजी करायची नाही, जे आहे ते संपवायचे. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, भाज्यांचे थालीपीठ हे आपल्या आजींचेच पदार्थ. आणि बाजारात जाण्याआधी काय शिल्लक आहे ते बघून चिठ्ठी करायची. कोथिंबिरीची दुसरी जुडी स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि चौथ्या दिवशी बादलीत टाकली, तर ती स्वस्त कशी?

तिसरा महिना खताचा, आणि इथे मी आपटले. गॅलरीत मातीची मोठी कुंडी ठेवली आणि त्यात रोज साली टाकत गेले. आठ दिवसांत घाण वास सुटला, अळ्या झाल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या. त्यांचे बरोबरच होते. माझी चूक अशी की मी फक्त ओला कचरा टाकत होते. जितके ओले तितकाच सुका पाला लागतो. तो ओलावा शोषतो आणि हवा खेळती ठेवतो. सोसायटीचा झाडलोट करणारा दादा वाळकी पाने गोळा करून पोत्यात भरायचा, ते पोते मी मागून घेतले. तळाला भोके असलेली कुंडी, खाली नारळाच्या शेंड्या, मग साली बारीक चिरून एक थर आणि पाल्याचा एक थर, चार दिवसांनी एकदा खालीवर करायचे. सुरुवातीला थोडे आंबट ताक शिंपडायचे. तेलकट रस्सा, हाडे, मासळीचे काटे मी त्यात घालत नाही, उंदीर येतात. पांढऱ्या अळ्या झाल्या तर घाबरू नका, त्या खत करायलाच मदत करतात. वास आला की पाला वाढवा. एक कुंडी भरली की झाकून ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. दोन-अडीच महिन्यांत पहिल्या कुंडीत काळे, मातीच्या वासाचे खत तयार झाले. त्यातले पसाभर मी खालच्या बाईंच्या तुळशीला दिले. आता त्यांच्याकडेही कुंडी आहे.

चौथा महिना सुक्या कचऱ्याचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत कचरा वेगळा करून देणे घरच्यांवरच बंधनकारक केले होते. पण नियमापेक्षा मला आमच्या दारी येणाऱ्या ताईंच्या हातांनी शिकवले. पुण्यात कचरावेचक कष्टकऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ मध्ये उभी राहिली, आणि पुढे ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेतर्फे त्या घरोघरी कचरा घेऊ लागल्या. आपण जे एकत्र कोंबतो ते या स्त्रिया हातांनी निवडतात. खरकट्याने माखलेली दुधाची पिशवी कोणी विकत घेत नाही. धुऊन वाळवलेली असेल तर तिचे पैसे होतात.

दुधाच्या पिशवीचे एक सांगते. आमच्याकडे रोज दोन पिशव्या. आपण कोपरा पूर्ण कापतो आणि तो चिमुकला तुकडा मोरीतून गटारात जातो. वर्षाला असे सातशे तीस तुकडे एका घरातून. म्हणून कोपरा पूर्ण तोडायचा नाही, फक्त चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लटकत ठेवायचा. खर्च शून्य, वेळ शून्य. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ताईंना ते न उघडता ओळखता येते. फुटलेली काच, ब्लेड, सुया वेगळ्या डब्यात द्यायच्या. शेजारणीच्या हाताला जखम होऊ नये म्हणून आपण जेवढी काळजी घेऊ, तेवढीच इथेही घ्यायची.

आता डायपरचे. मी मोठ्या उत्साहाने सुनेला म्हटले, दिवसा कापडी लंगोट वापरू या. ती सकाळी आठला कामावर निघते. ती शांतपणे म्हणाली, “आई, चालेल. पण धुणार कोण?” प्रश्न रास्त होता. भगिनींनो, यावर आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे. कचरा कमी करायचा म्हणजे धुणे, वाळवणे, निवडणे, शिवणे आले, आणि हे सगळे काम न बोलता बायकांच्या अंगावर येते. तसे झाले तर ती सवय टिकत नाही, आणि टिकू पण नये. आमच्याकडे ठरले की लंगोट मुलगा धुणार, घड्या मी घालणार, रात्री डायपरच. दुधाच्या पिशव्या यजमान धुतात आणि दोरीवर चिमट्याने लावतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक काम आले, तेव्हा ती सवय घराची झाली.

आज आमच्या घरातून आठवड्याला दोन किलोच्या आसपास कचरा बाहेर जातो आणि तो बहुतेक सुका असतो. डायपर गेले ते नातू मोठा झाला म्हणून, त्याचे श्रेय आम्ही घेत नाही. काही गोष्टी अजून जमत नाहीत. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंबरोबर खोकी आणि प्लास्टिक येतेच. पाहुणे असले की कुंडीकडे दुर्लक्ष होते. एक आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू करायचे, एवढेच.

आता मंडळीकडे येते. गेल्या कापणीच्या सणाला उपासनेनंतर प्रीतिभोजन झाले, तेव्हा आपण कागदी ताटे न आणता भांडी भाड्याने आणली. सभेत पहिला प्रश्न हाच आला की धुणार कोण. तरुण संघाने आणि पुरुष मंडळींनी तीन मोठ्या टोपांची रांग लावली : एकात खरकटे काढणे, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. ज्याने त्याने आपले ताट धुऊन ठेवायचे. पाळकसाहेब पहिले उभे राहिले, मग कोणालाच चुकवता आले नाही. मुलांना अर्धी वाढ, हवे तर पुन्हा घ्या, असे सांगितले. मागच्या वर्षी सात मोठ्या काळ्या पिशव्या भरल्या होत्या. यंदा एक भरली, तीही पूर्ण नाही.

आणि शेवटी त्या खोक्यांविषयी. घरी आल्यावर मी मेट्रनबाईंना पत्र लिहिले, शर्टाचे सोडून बाकी सगळे. विचारले की तुम्हाला खरोखर काय लागते. त्यांची यादी आली. मुलींसाठी नवीन आतले कपडे. टॉवेल. थंडीचे स्वेटर, जुने चालतील पण उसवलेले नकोत. चेन चालणारी दप्तरे. आणि शिवणाच्या तासासाठी सुया, दोरा, बटणे.

बटणे हा शब्द वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. मग बरणी काढली. गेल्या नाताळात ती बरणी तशीच्या तशी खोक्यात गेली, निळ्या शर्टाच्या बटणांसकट.

त्या यादीवरून आपल्या मंडळाने तीन प्रश्न ठरवले आहेत. खोक्यात कोणतीही वस्तू घालण्याआधी ते स्वतःला विचारा. हे मी माझ्या भाचीला हातात देऊ शकेन का? हे धुतलेले, शिवलेले, पुरे आहे का? आणि हे त्यांनी मागितले आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल तरच वस्तू खोक्यात घाला. नाहीतर फाटक्या कपड्यांची फडकी, पायपुसणी करा, घरीच शेवटपर्यंत वापरा, आणि वसतिगृहाला पैसे पाठवा. तालुक्याच्या बाजारात कापड मिळते, तिथल्या शिंप्याला काम मिळते, आणि मुलीला तिच्या मापाचा गणवेश मिळतो. मागच्या वर्षी आपली खोकी चौदावरून पाचवर आली. काही जणांना वाईट वाटले की दान कमी झाले. पण त्या पाच खोक्यांतले काहीही जाळावे लागले नाही, असे मेट्रनबाईंनी कळवले. मला वाटते, दान तेव्हाच पहिल्यांदा पोचले.

पाच हजारांना जेवू घातल्यानंतर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावले, ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतो. एवढी भाकर निर्माण करणाऱ्याला उरलेल्या तुकड्यांची काय गरज होती, असे मला लहानपणी वाटायचे. आता वाटते, चमत्कार झाला म्हणून उधळपट्टीला परवानगी मिळत नाही. आपल्याला जे मिळाले आहे त्याचे आपण मालक नाही, कारभारी आहोत, आणि कारभाऱ्याला उरलेल्याचाही हिशेब द्यावा लागतो.

ती आठवीतली मुलगी आता दहावीत आहे. येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर मला सांगता यावे की आमच्याकडे आता टाकायलाच फार उरत नाही. तुमच्यापैकी जितक्या घरांतून मला हे सांगता येईल, तितके माझे उत्तर खरे होईल. या आठवड्यात एकदा तरी तुमची बादली काट्याला लावा आणि वजन लिहून ठेवा. पुढच्या सभेला ती वही घेऊन या.

प्रभू आपल्या सर्वांना हे करायला सहाय्य करो. आमेन.